अंश, छेद आणि रत्नागिरीची बाई

महाराष्ट्रातले जिल्हे लिंग गुणोत्तराच्या उतरत्या क्रमाने मांडले की रत्नागिरी सगळ्यांत वर येते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात ८,५३,९४८ स्त्रिया आणि ७,६१,१२१ पुरुष मोजले गेले. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. राज्याची सरासरी तेव्हा ९२९ होती. स्पर्धा परीक्षेची पोरं हा आकडा पाठ करतात, पुढारी भाषणांत तो मिरवतात, आणि कोकणात बाईला मान असतो या जुन्या समजुतीला तो शास्त्रशुद्ध पुरावा म्हणून जोडला जातो. पण गुणोत्तर म्हणजे शेवटी अपूर्णांकच. वर स्त्रिया, खाली पुरुष. अपूर्णांक मोठा होण्याच्या वाटा दोन: अंश वाढावा, नाहीतर छेद आटावा. रत्नागिरीत छेद आटला. गिरण्यांची धुरांडी पेटली तेव्हापासून इथला तरुण मुंबईला जात आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत बाहेरून आलेल्यांमध्ये सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचाच होता (त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग याच जिल्ह्यात होता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये). गिरण्या गेल्या, ओढ राहिली. २०११ साली मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या. मुंबईत देशभरातून माणूस येतो हे खरे, पण त्या गर्दीत रत्नागिरीचा हरवलेला छेदही आहे. आता याच जनगणनेतला दुसरा आकडा पाहू. शून्य ते सहा वयोगटात अजून कोणी चाकरीसाठी बाहेर पडलेले नसते. तिथे रत्नागिरीत हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या, आणि दहा वर्षांपूर्वी ९५२. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात हे लक्षात घेतले, तर ९३६ हा आकडा बीडच्या ८०७ सारखा हादरवणारा नाही. मात्र तो उतरणीवर आहे, आणि ११२२ च्या झगमगाटात तो कोणाला दिसत नाही.

स्त्रियांचे आरोग्य आणि सामाजिक समन्यायाचे धोरण या विषयाकडे वळणाऱ्या तरुण अभ्यासकाला, आणि आता बहुतेक वेळा अभ्यासक तरुणीला, या विषयाची ओळख करून द्यायची तर ती या दोन आकड्यांपासूनच करून द्यावी असे मला वाटते. या क्षेत्रात नवख्याची पहिली नजर अंशावर जाते: किती माता दगावल्या, किती जणींना रक्तक्षय आहे, किती बाळंतपणे दवाखान्यात झाली. माझे म्हणणे असे की धोरणाचा खरा अन्याय बहुधा छेदात लपलेला असतो. कोणाला मोजायला घेतले, कोणत्या वयापर्यंत, कोणत्या गावी, कोणत्या अवस्थेत, हे ठरले की उत्तर अर्धे ठरून जाते. समन्याय हा शब्द मराठीत पाण्याच्या चळवळीने रुळवला. समन्यायी पाणीवाटप म्हणताना धरणात पाणी किती हा एक प्रश्न असतो आणि लाभक्षेत्राच्या नकाशात कोणाचे घर धरले आहे हा दुसरा. भूमिहीनाला पाण्यात वाटा हवा असे म्हणणाऱ्यांनी मुळात छेदच बदलला होता. आरोग्यातही तेच करावे लागते, आणि ते करण्यासाठी संशोधक लागतो.

या जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या एका माणसाने ते फार पूर्वी ओळखले होते, आणि तो गणिताचा प्राध्यापक होता हा मला योगायोग वाटत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८८२. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले. विल्सन कॉलेजातली नोकरी या मतांपायी गेली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले आणि १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते चालत राहिले. मधल्या काळात अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. ते खटला हरले. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हेही याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतिणीच्या विश्रांतीचा खर्च हा एकट्या मालकाचा नाही, राष्ट्राचाही विषय आहे अशी मांडणी केली. कायदा १९२९ मध्ये झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला आणि तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला. या दोघांच्या विचारात एक समान धागा आहे. कर्व्यांच्या हिशेबात बाई ही मुले जन्माला घालणारी एक राशी नव्हती. तिचे शरीर आणि तिचे सुख हा त्यांच्या लेखी स्वतंत्र हिशेब होता. आंबेडकरांच्या हिशेबात गिरणीत राबणारी बाईही राष्ट्राच्या छेदात होती. पुढे स्वतंत्र देशाच्या शासनाने संततिनियमन स्वीकारले, पण कर्व्यांचे निम्मेच घेतले. साधन घेतले, हेतू लोकसंख्येचा ठेवला. तालुक्याला नसबंदीचे लक्ष्य नेमून देण्याची पद्धत १९९६ पर्यंत चालली. तिचा ठसा अजून दिसतो: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली होती आणि ०.३ टक्क्यांत पुरुषाची. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे प्रमाण असे आहे.

आता आजच्या धोरणाकडे येऊ. महाराष्ट्राची सर्वांत अभिमानाची आरोग्यकामगिरी कोणती, तर मातामृत्यू. २०१८ ते २० च्या नमुना नोंदणी अहवालानुसार राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. केरळ सोडले तर एवढे खाली कोणतेच मोठे राज्य नव्हते. ही कामगिरी खरी आहे. तिच्यामागे रात्री-अपरात्री गाडीची वाट पाहणाऱ्या आशाताई आहेत, उपकेंद्रातल्या परिचारिका आहेत, आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच सुमारास, २०१९ मध्ये, त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चार वर्षांपूर्वीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. एकाच राज्यात, त्याच बायकांमध्ये, त्याच वर्षांत मातामृत्यू खाली आला आणि रक्तक्षय वर गेला. हे कसे? मातामृत्यूच्या छेदात जिवंत जन्म असतात. शासनाची सगळी यंत्रणा त्या छेदाभोवती उभी आहे: गरोदरपणाची नोंद, तपासण्या, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातले बाळंतपण, आणि त्यानंतरचे बेचाळीस दिवस. बेचाळिसाव्या दिवशी बाई यंत्रणेच्या हिशेबातून उतरते. जिचे लग्न झाले नाही, जिला मूल झाले नाही, जिची मुले मोठी झाली, जी विधवा आहे, ती तर त्या हिशेबात नसतेच. आपण माता वाचवायला शिकलो. आई नसलेली किंवा आता आई म्हणून उपयोगी न राहिलेली बाई आपल्या यंत्रणेला अजून नीट दिसत नाही.

इथे एक सावध वाचक अडवील, आणि त्याने अडवावेच. रक्तक्षयाच्या आकड्यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहे. सर्वेक्षणात बोटाच्या टोकाला टोचून रक्त घेतले जाते. शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या तुलनेत त्यात हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. किती हिमोग्लोबिनखाली रक्तक्षय म्हणायचे ती रेषा भारतीय शरीराला लागू आहे का, हाही प्रश्न विचारला गेला आहे. केंद्राने तर सहाव्या फेरीतून ही तपासणीच काढून घेतली. हा आक्षेप मी खरा मानतो. ५४.२ मधला दशांश कोणी गंभीरपणे घेऊ नये. पण पद्धत दोन्ही फेऱ्यांत तीच होती, त्यामुळे आकडा फुगलेला असेलही, तरी त्याचा वर चढणारा कल नुसता टोचण्याच्या पद्धतीवर ढकलता येत नाही. शिवाय लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. पन्नास वर्षे गोळी वाटून प्रश्न हलत नसेल, तर गोळी कोणाच्या हातात पडते, ती गिळली जाते का, पाळीत किती रक्त जाते, ताटात सगळ्यांच्या शेवटी बसणारीच्या वाट्याला काय उरते, हे विचारावे लागते. हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत.

रत्नागिरीपुरते बोलायचे तर अडचण आणखी खोल आहे. या सर्वेक्षणात देशभरातून साधारण साडेसहा लाख घरे घेतली जातात. जिल्ह्यामागे सरासरी नऊशेच्या आसपास. एवढ्या घरांवरून जिल्ह्याचे चित्र काढता येते, तालुक्याचे नाही, आणि वाडीचे तर नाहीच. कोकणात मात्र आरोग्याचे एकक गाव नाही, वाडी आहे. एकाच महसुली गावात रस्त्याला लागून एक वाडी, पऱ्याच्या पलीकडे बौद्धवाडी, खाडीकाठी मोहल्ला, आणि वर सह्याद्रीच्या धारेला धनगरवाडा, जिथून पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीतून खाली आणावे लागते. गावाची सरासरी म्हणजे बहुतेक वेळा रस्त्याकडच्या वाडीची तब्येत. वयाचे तर त्याहून वाईट. सर्वेक्षणात बाईची मुलाखत एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंतच घेतली जाते. जिथले तरुण बाहेर आहेत, जिथली लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात सुमारे पाच टक्क्यांनी घटली, अशा जिल्ह्यात घर, गोठा, शेत आणि सासूसासरे सांभाळणारी बाई बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असते. कवळ तोडणे, तरवा भाजणे, गुडघाभर चिखलात वाकून लावणी, डोक्यावरून गवताचे भारे, आणि साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी पायपीट. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने हात भाजतात. कोळंबी सोलणारीची बोटे दिवसभर बर्फाच्या पाण्यात. या सगळ्यातून येणारी पाठदुखी, अंग बाहेर येणे, सांधे धरणे, यांना नोंदवहीत रकाना नाही. वय उलटलेल्या बाईच्या दुखण्याला ‘आता वयच झालं’ एवढेच निदान मिळते, आणि ती स्वतःही ते मान्य करते.

याच्या जोडीला नोंदींचा पत्ता बदलतो. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते, तेव्हा तिची नोंद मुंबईतल्या वॉर्डात असते आणि बाळ गुहागर तालुक्यात जन्मते. उलट, गावातल्या बाईचे दुखणे विकोपाला गेले की तिला रातराणीने परळच्या केईएमला नेतात. तिचा रोग मुंबईच्या रुग्णालयाच्या वहीत चढतो. कमावता मुलगा किंवा नवरा गणपतीला येईपर्यंत दुखणे अंगावर काढायचे, मग त्याच्याबरोबर जायचे, ही रीत कोकणात नवी नाही. म्हणजे पुरुष छेदातून निघून मुंबईला गेला, आणि त्याच्या मागोमाग बाईचा आजार अंशातून निघून मुंबईला जातो. जिल्ह्याच्या वहीत उरते ती निरोगी दिसणारी रत्नागिरी.

छेद बदलला की काय दिसते, याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली, ती दवाखान्यात आलेल्या रोग्यांची नव्हे तर गावात राहणाऱ्या बायकांची. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले तेव्हा डॉ. राणी बंग चाळिशीच्याही अलीकडे होत्या. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. सरासरीने प्रत्येकीला एकाहून कितीतरी अधिक. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. या अभ्यासावरही आक्षेप घेता येतो: गावातल्या सगळ्या पात्र स्त्रिया तपासणीला आल्या नव्हत्या, आणि ज्यांना त्रास होता त्याच जास्त आल्या असतील. असेल. मग ९२ हा आकडा थोडा चढा म्हणू. पण तसे म्हटले की दुसरा आकडा अधिकच बोचतो, कारण त्रास असलेल्याच आल्या होत्या असे धरले तरी त्यांतल्या शंभरांपैकी ब्याण्णव जणींना तोवर कोणी तपासलेले नव्हते. पांढरे जाणे, पाळीतला त्रास अशा ज्या आजारांबद्दल बायका आपसात कुजबुजत होत्या, त्यांना या अभ्यासाने सार्वजनिक धोरणाचा विषय केले. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन या समीकरणाला जगभर जो धक्का बसला आणि १९९४ च्या कैरो लोकसंख्या परिषदेत जो शब्दांत उतरला, त्यात या दोन गावांचा वाटा आहे.

धोरणकर्त्यांचा नेहमीचा प्रतिवाद असा: गडचिरोली समजू शकतो, नंदुरबार समजू शकतो, पण रत्नागिरीसारख्या शिकल्यासवरल्या जिल्ह्यात अशा अभ्यासासाठी पैसा कशाला? आणि द्यायचाच तर डॉक्टर द्या, रिकामी पदे भरा. अभ्यासक घेऊन काय करायचे? पहिल्या भागाला उत्तर एवढेच की समन्याय हा फक्त जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वाटपाचा प्रश्न नाही. धनगरवाड्यावरच्या बाईला आपला जिल्हा साक्षरतेत कितवा आहे याचा उपयोग नसतो. दुसरा भाग गंभीर आहे. पदे भरलीच पाहिजेत. रत्नागिरीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ही चांगली गोष्ट झाली. पण मोजल्यावाचून मिळालेला उपचार काय करतो हे बीडने दाखवले आहे. तिथल्या ऊसतोड कामगार बायकांना डॉक्टर मिळाले नाहीत असे नाही. डॉक्टर होते, शस्त्रक्रियागृहे होती. पाळीचा खाडा म्हणजे मजुरी बुडणे आणि मुकादमाचा दंड, म्हणून पिशवीच काढून टाकण्याचा मार्ग सुचवला जात होता. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीन-साडेतीन आहे. ऊसतोड बाई हा वेगळा छेद म्हणून कोणी मांडला नव्हता, तोवर ही शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयाच्या वहीत एकेक सुटी केस होती. मोजदाद होऊ लागली त्याच सुमारास या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला. अभ्यासक आधी की डॉक्टर आधी, हा प्रश्नच त्यामुळे मला फसवा वाटतो.

अभ्यासक तरुणच का, असेही विचारले जाते. अनुभव नाही, अधिकार नाही, अधिकारी भेटीची वेळ देत नाहीत. या उणिवा खऱ्या आहेत, आणि संशोधन प्रबंध होऊन कपाटात पडण्याची भीतीही खरी आहे. तरी तरुण मुलीला जे प्रश्न विचारता येतात ते मुरलेल्या यंत्रणेला सुचत नाहीत, याला पुरावा आहे. मुंबईत ‘सेहत’ या संशोधन संस्थेने घरातल्या मारहाणीकडे पोलिसांचा नव्हे, रुग्णालयाचा विषय म्हणून पाहिले. पडले, भाजले म्हणून अपघात विभागात येणाऱ्या बायकांना काय झाले हे विचारायला लावले. आणि २००० मध्ये महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडले. आज ती रीत राज्याच्या आणि इतर राज्यांच्या सरकारी रुग्णालयांत पोचली आहे. रत्नागिरीतही सुरुवात नाही असे नाही. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने सोळा ते अठरा वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींचा दीर्घ पल्ल्याचा अभ्यास हाती घेतला आहे. बाई गरोदर झाल्यावर नव्हे, त्याच्या कितीतरी आधी तिला छेदात घ्यायचे, ही त्यातली कल्पना मला मोलाची वाटते. दुसरे टोक मात्र अजून रिकामे आहे: पन्नाशीनंतरची, घरात एकटी उरलेली, लावणीला अजून उतरणारी बाई. तिच्यावर काम करायचे तर प्रश्नावली लहान लागेल आणि वेळ पुष्कळ लागेल, कारण ‘तब्येत कशी आहे’ या प्रश्नाला ती ‘बरं हाय’ असेच सांगणार, आणि पहिल्या दिवशी ते उत्तर लिहून घेऊन परत फिरणाऱ्याच्या हाती निरोगी रत्नागिरीचीच आणखी एक नोंद लागेल.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भतारखेची आहे. त्यात रत्नागिरीचे लिंग गुणोत्तर पुन्हा छापून येईल. २००१ मध्ये ते ११३६ होते, २०११ मध्ये ११२२. समजा, मधल्या काळात काही तरुण गावी परतले असतील, आंब्या-काजूच्या धंद्यात, पर्यटनात, वाडीवरच्या घरात रुजले असतील. तर छेद भरून येईल आणि गुणोत्तर आणखी खाली उतरेल. घरी माणूस परतल्याची ती खूण असेल. वर्तमानपत्रातला मथळा मात्र रत्नागिरीत स्त्रियांचे प्रमाण घटल्याचा असेल, आणि त्याच पानावर, त्याच तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात, शून्य ते सहा वयाच्या मुलींचा आकडा छापलेला असेल.